थॉर्नमिअरचा राजा ‘नाही’ म्हणतो

“राजे मरतात, राजसत्ता मरत नाही! आठशे वर्षांपूर्वी या दगडांनी एका राजाचा श्वास प्राशन केला, आणि आज, या क्षणी, हेच दगड तो श्वास तुमच्या स्वाधीन करणार आहेत!”

थॉर्नमिअरच्या बालेकिल्ल्यात बासष्ट पायऱ्या चढून गेलं की राजाचं दालन लागतं. तिथे मधोमध उभं राहून, दोन्ही हात छताकडे उंचावून लायोनेल ट्विग हे बोलला तेव्हा चाळीस माणसांच्या अंगावर काटा आला.

“शौचालय इथेच आहे का खाली?” मागून एका बाईंनी विचारलं.

“खाली,” हात तसेच वर ठेवून लायोनेल म्हणाला. “कॅफेच्या उजव्या हाताला. किल्ली काउंटरवर मागून घ्या.”

मग त्याने डोळे मिटले. त्याच्या अंगावर जांभळा मखमली झगा होता. तो पूर्वी त्याच्या बहिणीच्या जेवणघराचा पडदा होता, आणि खांद्यापाशी पडदा अडकवायचे तीन आकडे अजून लोंबत होते. भिंतीवर तसाच दुसरा पडदा लावलेला होता. जोडीतला दुसरा.

“महाराज,” लायोनेल पडद्याकडे तोंड करून म्हणाला, “श्रीयुत डॉकरी विचारतात, परसातलं सफरचंदाचं झाड तोडावं काय?”

मग भिंतीच्या पोटातून, थेट पाताळातून यावा तसा आवाज आला. ठाक! ठाक! पाठोपाठ एक लांबलचक, चिडका सुस्कारा: स्स्स्स्स. पडदा किंचित हलला आणि दालनात काहीतरी करपल्यासारखा उबदार वास पसरला.

“एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही,” लायोनेलने जाहीर केलं. “झाड तोडायचं नाही! आणि हा वास घेतलात? वेढ्यात जळालेल्या धान्याचा आहे. महाराज अजून ते विसरलेले नाहीत.”

डॉकरीने टोपी काढून भिंतीला मान लववली. त्या झाडाने त्याच्या छपराचा एक कोपरा आधीच उचलला होता.

आमच्या बालेकिल्ल्याचा इतिहास तसा आटोपशीर आहे. बांधायला अठरा वर्षं लागली. वेढा एकदाच पडला आणि तो पावसाने उठला. एक राजा इथे तीन रात्री मुक्कामाला होता. कुठला, याबद्दल गावात तीन मतं आहेत, आणि त्या तीन मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. पुढे तिथे तुरुंग झाला, मग एका शेतकऱ्याने सलगम साठवले, मग शंभर वर्षं कबुतरांचं राज्य होतं. सगळ्यांत चांगला कारभार कबुतरांचाच झाला असं माझे आजोबा म्हणत. आता तळमजल्यावर, जिथे राजाची पिंपं आणि पोती असायची, तिथे डोरीन बॅगशॉचा कॅफे आहे. वरचं दालन रिकामं होतं. एप्रिलमध्ये भिंत बोलायला लागली आणि लायोनेलने ते दालन भरून काढलं.

लायोनेल आधी खिडक्यांच्या दुहेरी काचा विकायचा. तो विकायचा म्हणजे, लोक दार लावून घेईपर्यंत बोलायचा. आता त्याचं दार कोणी लावत नव्हतं. आपण राजाच्या खासगी कारभाऱ्याचे वंशज आहोत असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, कारण आमच्याकडे एखाद्याला तोंडावर ‘कशावरून?’ असं विचारणं उद्धटपणाचं समजतात. शिवाय दालनाबाहेर रांग लागायची. रांग दिसली की आमचा माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि कशाची आहे ते पुढे सरकल्यावर बघतो.

राजा बहुतेकदा ‘नाही’च म्हणायचा. चर्चचं छप्पर दुरुस्त करावं का? नाही. नर्सरीतल्या ऑलिव्हने जूनमध्ये पर्सीशी लग्न करावं का? नाही. मिस्टर हॉबने गायनमंडळात एकट्याने गावं का? नाही. (इथे मात्र राजाचा मान राखून मी टाळी वाजवली.) चार महिन्यांत गाव इतकं थंडावलं की दूधवाला सकाळी बाटली ठेवावी की न ठेवावी या विचारात फाटकाशी उभा दिसायचा.

मला या सगळ्याची गंमत वाटत होती. पण मग माझ्या बहिणीने राजाला प्रश्न विचारला.

विनिफ्रेड माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे शहात्तरची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या हिवाळ्यात तिने कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीला “नमस्कार, काय म्हणता?” असं विचारलं. तिला वाटलं लाल कोटातल्या पाद्रीणबाई उभ्या आहेत. पेटी काही बोलेना, म्हणून विनी आठवडाभर पाद्रीणबाईंवर रुसून होती. आयुष्यभर ती रजया शिवत आली. आता सुईत दोरा मी ओवून द्यायचो, आणि ती चुकीच्या रंगाचा दोरा घेऊन शिवत बसायची. मी काही बोलायचो नाही.

चौदा महिने वाट बघून इस्पितळातून पत्र आलं होतं. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोन करून ‘येते’ असं कळवायचं. नाही कळवलं तर तारीख दुसऱ्याला, आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मंगळवारी ती माझ्या नकळत बासष्ट पायऱ्या चाचपडत चढली.

“दोन ठोके पडले,” संध्याकाळी ती म्हणाली. “मी जात नाही.”

“विनी, अगं चौदा महिने! चौदा महिने या तारखेची वाट बघितलीस तू!”

“राजा नाही म्हणाला, क्लेम.”

“राजाला मोतीबिंदूतलं काय कळतं? त्याच्या काळात डोळ्यात सुई खुपसायचे!”

“तेच तर,” ती म्हणाली, आणि रजई पुढ्यात ओढून शिवायला लागली.

मी तडक प्रॉसरबाईंकडे गेलो. ऑगस्टा प्रॉसर या आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. आमची सगळी पिढी त्यांनी घडवली, असं त्यांच्या निरोपसमारंभात कोणीतरी म्हणालं होतं, तर बाई उठून म्हणाल्या होत्या, “माझ्यावर ढकलू नका.”

“बाई, हा लायोनेल महाबदमाश आहे!” मी दारातच सुरुवात केली.

“क्लेमेंट, बूट पूस. तू शाळेतही असाच होतास. आधी चिडायचास, मग विचार करायचास, आणि तोवर घंटा व्हायची.” त्यांनी विणकामाच्या पिशवीतून एक वही काढली. “तीन आठवडे मी त्या दालनाच्या खिडकीत विणत बसले होते. म्हातारी विणत बसली की तिला कोणी माणसात धरत नाही, फार सोयीचं असतं. एकशे चाळीस प्रश्न मोजले. नव्वदांना ‘नाही’. एकतीसांना ‘हो’. उरलेल्या एकोणिसांना तीन-चार ठोके पडले, तेव्हा लायोनेल म्हणतो, महाराज विचार करताहेत. आता सांग, राजा जास्त करून नाही का म्हणतो?”

“स्वभाव असेल.”

“शून्य मार्क. राजा साडेदहा ते सव्वाचार एवढंच का बोलतो? सोमवारी मौन का पाळतो? बंदरावरून परदेशी पाहुण्यांची बस आली की एवढा बडबड्या का होतो?”

“लायोनेल म्हणतो, राजाला प्रजा पाहिली की उत्साह येतो.”

“मे महिन्यात राजा पाच दिवस गप्प होता. लायोनेलने मंगळवारी सकाळीच सांगितलं, महाराज शिकारीला गेलेत, रविवारी परत येतील. आणि रविवारी आले! मी पुष्कळ इतिहास वाचलाय क्लेमेंट, ठरल्या दिवशी शिकारीहून परतलेला राजा मला भेटलेला नाही. त्या पाच दिवसांत गावात आणखी काय बंद होतं, आठव.”

मी खूप आठवलं. काही आठवेना. मी चहा पितो.

बाईंनी माझ्याकडे, पंचावन्न वर्षांपूर्वी वर्गात बघायच्या तसंच बघितलं. “शुक्रवारी अकरा वाजता विनिफ्रेडला वर घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “आणि वाटेत लागतील त्या सगळ्यांना.”

शुक्रवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मी विनीला हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. डोक्यात घड्याळ चालू होतं. बारापर्यंत फोन. लायोनेलने हात वर केले, श्वास घेतला, आणि तेवढ्यात प्रॉसरबाई एक पाटी काखेत मारून, वेताची टोपली हाताला अडकवून आत आल्या.

“राजे मरतात, राजसत्ता…”

“लायोनेल, हात खाली.”

हात खाली आले. चाळीस वर्षांची सवय होती ती, त्याचा इलाज चालेना. “बाई, हे पवित्र दालन आहे,” तो पुटपुटला.

“मग च्युइंगम थुंकून ये.” बाईंनी पाटी भिंतीला टेकवली आणि खडूने तीन आकडे लिहिले: ३, ५, १. “राजा आता तीनदा ठोकेल. सव्वाअकराला पाचदा. अकरा वीसला एकदा. मी काही विचारणार नाही. त्याला बोलायचं ते बोलू दे.”

आम्ही थांबलो. विनीने माझा हात घट्ट धरला. ठाक! ठाक! ठाक! स्स्स्स्स.

“महाराज विचार करताहेत!” लायोनेल घाईघाईने म्हणाला.

“करू देत. पाच मिनिटांनी आणखी करतील.”

सव्वाअकराला पाच ठोके पडले. गर्दीतून एक भलामोठा उसासा निघाला आणि डॉकरी ओरडला, “राजा बाईंना वश झाला!” त्यासरशी मार्जरी पिम प्रॉसरबाईंच्या पायांशी गुडघ्यांवर बसली. तिच्यामागे आणखी दोघं बसले. कोणीतरी रांगही सुरू केली.

बाईंचा एवढा संतापलेला चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

“मार्जरी, ऊठ. तुझे गुडघे आधीच गेलेत. राजाला खोटं ठरवायला मी इथे आलेय, आणि तुम्ही मला त्याच्याच जागी बसवता?” बाईंनी तरातरा जाऊन भिंतीवरचा पडदा खसकन ओढला.

पडद्यामागे भिंतीत एक कमानदार भोक होतं, मांजराएवढं नव्हे, चांगलं माणूस वाकून बघेल एवढं. आत काळोख, आणि खालून ऊब.

“ही विहीर आहे,” बाई म्हणाल्या. “वेढा पडला की पाणी आत लागतं, म्हणून बांधणाऱ्यांनी विहिरीभोवती किल्ला बांधला आणि विहिरीचं धुराडं भिंतीतून थेट वरपर्यंत आणलं. प्रत्येक मजल्यावर अशी एक खिडकी. राजाला तोंड धुवायचं असलं की नोकर इथून खाली ओरडायचा, खालचा बादली भरून वर द्यायचा. या नळकांडीचं कामच ते, खालचं वर आणि वरचं खाली. आठशे वर्षांनी ती अजून काम करतेय. ज्यांनी बांधली त्यांचं कौतुक करा. पडद्याचं नको.”

मग त्यांनी विणकामाच्या पिशवीतून दोरी काढली, टोकाला त्यांची नेहमीची वेताची टोपली बांधली, आणि टोपली भोकातून खाली सोडली. दोरी सरसरत गेली. खूप गेली. मग थांबली. अकरा वीस.

ठाक! स्स्स्स्स.

आणि मग भिंतीतून, घुमणारा, खणखणीत, दालनाच्या चारी कोपऱ्यांत भरून राहणारा आवाज आला:

“साखर किती?”

डॉकरीने टोपी काढली. “दोन चमचे, महाराज,” तो म्हणाला.

“नको, डोरीन!” बाई भोकात तोंड घालून ओरडल्या आणि दोरी ओढायला लागल्या. टोपली वर आली. तिच्यात झाकण घातलेला कागदी पेला होता. बाईंनी झाकण काढलं, आणि तोच करपट उबदार वास दालनभर पसरला.

“हे तुमचं जळकं धान्य,” बाई म्हणाल्या. “भाजलेली कॉफी. एप्रिलमध्ये डोरीनने नवं यंत्र घेतलं. कप झाला की लांब दांड्याच्या वाटीत चोथा उरतो, तो डब्याच्या कडेवर आपटून काढावा लागतो. एक कप, एक ठोका. आज किती वाजता किती कप करायचे ते मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं. तिने डबा ठेवलाय विहिरीच्या तोंडावरच्या जाळीवर, कारण ती जागा रिकामी होती. सुस्कारा म्हणजे दुधाला दिलेली वाफ. आणि हे कोणाला कळलं नाही, कारण या गावात सगळे चहा पितात, आणि जी तुम्ही बरणीतली तपकिरी पूड उकळत्या पाण्यात कालवता तिला कॉफी म्हणणं हे राजाच्या भुतापेक्षा मोठं थोतांड आहे. कॉफी मागतात बसमधले पाहुणे. ते बहुतेक जोडीने येतात. जोडीला कप किती लागतात, मिस्टर हॉब?”

“दोन,” हॉब म्हणाला.

“दोन म्हणजे?”

मग मागून नर्सरीतली ऑलिव्ह उठली. “म्हणजे माझं जूनमधलं लग्न मोडलं, ते कोणीतरी दोन कॉफी मागवल्या म्हणून?”

“कोणीतरी दोघं एकमेकांसमोर सुखाने बसली होती म्हणून, हो.”

ऑलिव्हने वळून पर्सीकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेत होता. लग्न मोडल्यापासून रोज येऊन रांगेत उभा राहायचा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा.

“पण बाई!” लायोनेलला आता वाचा फुटली. “त्या पाहुण्यांच्या मनात कॉफीची इच्छा कोण निर्माण करतं? महाराजच!”

“आणि मे महिन्यात महाराजांनी यंत्राचा वॉशर कशाला खाल्ला? डोरीनच्या दारावर चिठ्ठी होती: यंत्र बंद, रविवारी सुरू. तू ती वाचून वर आलास आणि राजाला शिकारीला पाठवलंस. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, लायोनेल.”

लायोनेल झग्याच्या आकड्याशी चाळा करत राहिला. “लोक खूश होते,” तो हळूच म्हणाला. “खिडक्या विकायचो तेव्हा कोणी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.”

मला क्षणभर त्याची दया आली. मग मी शेजारी पाहिलं.

विनी हलली नव्हती. अकरा चाळीस झाले होते.

“चल, विनी. फोन करायचाय.”

“मला कळलं होतं रे,” ती म्हणाली. “म्हणजे कॉफी आहे हे नव्हतं कळलं. पण राजा नाहीये हे कळलं होतं. मंगळवारी दोन ठोके पडले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, क्लेम. डोळ्यात सुरी घालणार आहेत. मी जागी असणार. मला वाटलं, आता मी घाबरले असं कोणाला सांगायला नको. राजाने सांगितलं म्हणून नाही गेले.”

प्रॉसरबाई तिच्या शेजारी बसल्या.

“विनिफ्रेड, घाबरणं ठीक आहे. माझे दोन्ही डोळे झालेत, मीही घाबरले होते. वीस मिनिटं लागतात आणि डॉक्टर हवापाण्याच्या गप्पा मारतो, तोच काय तो त्रास. पण भीती आपली असली तर आपल्याला तिच्याशी बोलता येतं. ती भिंतीच्या हवाली केली की भिंत काय वाट्टेल ते सांगते. कोणी हो म्हणो, नाही म्हणो, त्याला एवढंच विचार: तुला कसं कळलं? त्याला सांगता आलं तर ऐक. नाही आलं तर त्याला उद्धट वाटेल याची काळजी करू नकोस.”

विनी उठली. “फोन दे,” ती मला म्हणाली.

फोन लागेना. चार मीटर जाडीच्या भिंती. त्या ज्या कोणाला बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या होत्या त्याच्याबरोबर सिग्नललाही बाहेर ठेवतात. खाली जाणं भाग होतं. जिना गोल आणि एका माणसापुरता, आणि खालून लोक वर येत होते.

“या, आधी तुम्ही,” मी म्हणालो, कारण माझ्या तोंडाला तसं वळण आहे.

“छे छे, आधी तुम्ही,” पहिला म्हणाला.

“नाही, खरंच.”

“अहो, ऐका माझं.”

अकरा एकोणपन्नास. आमच्या देशाचा इतिहास असा पुष्कळदा जिन्यात अडकलेला आहे. शेवटी विनीने काठी आपटली. एकदाच. “बाजूला व्हा!” ती गरजली, आणि शहात्तर वर्षांत प्रथमच उद्धटपणे वागून, अकरा माणसांना भिंतीला चिकटवत, माझा हात धरून बासष्ट पायऱ्या उतरली.

अकरा छप्पन्नला डोरीनच्या काउंटरशी फोन लागला. पलीकडून यंत्राने सांगितलं, आपला क्रमांक चौथा आहे. विनीचा चेहरा उजळला. “रांगेत आहे मी,” ती म्हणाली. “आता काही काळजी नाही.”

ऑपरेशन झालं. डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलला. पट्टी निघाल्यावर विनीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “क्लेम, तू एवढा म्हातारा कधी झालास? मला कोणी सांगितलं नाही.” मग ती घरी गेली आणि वर्षभर शिवलेली रजई उघडून तिच्यातले रंग बघून पोटभर हसली. उसवली मात्र नाही. ती रजई तिने ऑलिव्ह आणि पर्सीला लग्नात दिली.

लायोनेल आता त्याच दालनात पाहुण्यांना विहिरीचा इतिहास सांगतो. खरा इतिहास, प्रॉसरबाईंनी तपासून दिलेला. लोक त्याला वाक्य पुरं करू देतात. डॉकरीने झाड तोडलं.

एवढं सगळं मी लिहिलं ते यासाठी की तुमच्याही गावात कुठेतरी एखादी भिंत बोलत असेल. तिच्यापुढे मान लववण्याआधी पडदा बाजूला करून बघा. मागे नळकांडी असेल, नळकांडीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आपलं साधं काम करत असेल, आणि मधे एखादा लायोनेल उभा असेल. आपल्या डोळ्यांचं, आपल्या लग्नाचं, आपल्या झाडाचं काय करायचं ते माहितगाराला विचारावं, त्याने का ते सांगावं, आणि मग आपण ठरवावं.

हे विनीला पूर्ण पटलं आहे. ती आता येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः समजावून सांगते. पुढच्या महिन्यात तिच्या डाव्या डोळ्याची तारीख आहे, आणि येत्या गुरुवारी अकरा वाजता ती पायऱ्या चढून वर जाणार आहे.

“कशाला?” मी विचारलं.

“मला ठाऊक आहे रे ती कॉफी आहे,” ती म्हणाली. “पण सहज जाता जाता विचारलं तर काय बिघडतं?”

डोरीनला मी डबा हलवायला सांगितला. ती म्हणते, जागा सोयीची आहे.

तेव्हा गुरुवारी अकराच्या सुमारास आमच्या किल्ल्यावर येणार असाल तर अवश्य या. फक्त जोडीने येणार असाल, तर कृपा करून तुमच्यापैकी एकाने चहा घ्या.